श्रेयनामावली संपेपर्यंत बसणाऱ्यांकडून, चित्रपटांच्या मालकांना

प्रति,
चित्रपटांचे हक्क बाळगणारे स्टुडिओ, वितरक आणि स्ट्रीमिंग कंपन्या

सप्रेम नमस्कार.

आपल्या दप्तरी आमची नोंद ग्राहक अशी आहे. पैसे वेळेवर येतात की नाही, कोणता चित्रपट कितव्या मिनिटाला बंद केला, मध्यरात्रीनंतर काय पाहिले, हे सगळे तुम्हाला ठाऊक असते. या माहितीतून एक गोष्ट मात्र तुम्हाला कळत नाही आणि तीच सांगायला हे पत्र लिहिते आहे. ज्या जुन्या चित्रपटांवर आज तुमचा दिमाख उभा आहे, त्यांतले कित्येक चित्रपट सिनेमावेड्या माणसांनी वाचवले म्हणून शिल्लक आहेत. मालकांनी टाकून दिले, वेड्यांनी उचलून जपले. म्हणून चित्रपट कसे दाखवावेत, कसे सांभाळावेत, कधी काढून घ्यावेत, याबाबत आमचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. तुम्ही याला विनंती समजलात तरी हरकत नाही. मी ते हक्काने लिहिते आहे.

आधी आम्ही कोण, ते सांगते. चित्रपट संपून दिवे लागले की सगळे दाराकडे निघतात. आम्ही खुर्चीतच असतो, पडद्यावर सरकणारी नावे वाचत. छायाचित्रण कोणाचे, संकलन कोणाचे, ध्वनी कोणी बांधला. पुढे काय पाहायचे ते आम्हाला त्या नावांतून सापडते. एखाद्या चित्रपटातला प्रकाश मनात राहिला की त्या छायालेखकाचे बाकीचे काम शोधायचे. त्यातून एक नवा दिग्दर्शक भेटतो, त्याच्यावर कोणाचा प्रभाव होता ते कुठेतरी वाचनात येते आणि बघता बघता आपण न कळणाऱ्या भाषेतला, आपल्या जन्माआधीचा एखादा कृष्णधवल चित्रपट श्वास रोखून पाहत असतो. हे कोणी शिकवत नाही आणि यातून पदरात काही पडत नाही. तरी माणसे आयुष्यभर हे करत राहतात.

आमच्यात खुर्चीवरून वाद होतात. कोणाला अगदी पुढची रांग हवी असते, पडदा नजरेच्या दोन्ही कडांपर्यंत भरून यावा म्हणून. कोणी मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीसाठी अर्धा तास आधी येऊन बसतो. वर्षभरात काय पाहिले याची वही बहुतेकांकडे असते, त्यात तारीख, चित्रपटगृह आणि दोन ओळींचे मत. महोत्सवात सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक खेळ, मधल्या वेळात एका पडद्याकडून दुसऱ्याकडे धावपळ, आणि रांगेत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला पहिला प्रश्न ‘काय पाहिलंत?’ एवढाच. नाव-गाव नंतर, कधी कधी विचारायचे राहूनच जाते. एकाच प्रसंगाच्या एकाच कटवरून तासभर भांडलेली माणसे पुढच्या खेळाला शेजारी शेजारी बसतात. एकच चित्रपट पुन्हा पुन्हा का पाहता, असे आम्हाला विचारतात. पहिल्यांदा गोष्ट दिसते. ती माहीत झाली, की मग ती सांगितली कशी आहे ते दिसू लागते: कॅमेरा कुठे थांबला, कोणता आवाज आधी आला आणि माणूस मागाहून, कोणता चेहरा दाखवायचा मुद्दाम टाळला. हा आनंद दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला सुरू होतो, म्हणून चित्रपट पुन्हा पाहता येणे ही आमच्यासाठी चैन नाही.

या वेडाने काय केले, ते आता सांगते.

१९३६ मध्ये पॅरिसमध्ये आंरी लांग्ल्वा आणि जॉर्ज फ्रांजू या विशीतल्या दोन तरुणांनी सिनेमातेक फ्रांसेज हे चित्रपटांचे अर्काइव्ह, म्हणजे संग्रहालय, उभे केले. मूकपटांना तेव्हा कोणी विचारत नव्हते. बोलपट आल्यावर जुनी रिळे गोदामात जागा अडवणारा माल झाली होती. फिल्मच्या थरात चांदी असते, ती काढून घेण्यासाठी रिळे वितळवली जात. लांग्ल्वा मिळेल ते रीळ घरी आणून ठेवत असे. त्याच्या न्हाणीघरातल्या टबातही रिळे भरलेली असत, असे सांगतात. चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे तो निवडत बसला नाही. आज ज्याला कोणी किंमत देत नाही त्याचे मोल उद्या कळेल, तेव्हा जे हाताला लागेल ते ठेवायचे, असा त्याचा हट्ट होता. जर्मनांनी पॅरिसचा ताबा घेतला तेव्हाही त्याने आणि त्याच्या साथीदारांनी चित्रपट लपवून वाचवले. आणि त्याने ते नुसते साठवले नाहीत. तो रोज दाखवत राहिला. त्याच्या पडद्यासमोर पुढच्या रांगेत बसणारी मुले म्हणजे त्रुफो, गोदार, रिवेत. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘काये द्यु सिनेमा’ या मासिकात त्यांनी समीक्षा लिहिली, मग स्वतः कॅमेरा हातात घेतला, आणि जगभरच्या चित्रपटांची चाल बदलली. नवे दिग्दर्शक कुठून येतात हा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर उत्तर इथे आहे. जुने चित्रपट नीट दाखवले जातात, त्या अंधाऱ्या खोलीतून ते येतात.

फेब्रुवारी १९६८ मध्ये फ्रेंच सरकारने लांग्ल्वाला पदावरून दूर केले, तेव्हा सिनेमाप्रेमी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या लाठ्या खाणाऱ्यांत नामवंत दिग्दर्शक होते, विद्यार्थी होते, साधे प्रेक्षक होते. जगभरच्या दिग्दर्शकांनी आपले चित्रपट तिथे दाखवायला मनाई केली. एप्रिलमध्ये सरकारला त्याला परत घ्यावे लागले. एका अर्काइव्हच्या प्रमुखासाठी लोक रस्त्यावर येतात, ही गोष्ट एकदा शांतपणे विचारात घ्या. १९७४ मध्ये तुमच्याच उद्योगाने त्याला मानद ऑस्कर दिले. तुम्ही फेकलेल्या वस्तू उचलून ठेवल्याबद्दलचा तो सन्मान होता आणि तो योग्यच होता.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी त्यात आयुष्य ओतले. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे काही अंश आज पाहायला मिळतात, त्यामागे नायरांची पायपीट आहे. कोणत्या चित्रपटाच्या कितव्या रिळात कोणता प्रसंग येतो, हे त्यांना पाठ असे. हा नोकरीचा भाग नव्हता. ज्याला चित्रपटाची ओढ आहे त्याच्याच डोक्यात असे काही साठते.

शेवटी हाती किती उरले, तेही पाहा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तिथल्या स्टुडिओंनी केलेल्या सुमारे ११ हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात संपूर्ण उरलेले चित्रपट केवळ १४ टक्के आहेत. सुमारे ७० टक्के पूर्णपणे नष्ट झाले. यात दोष नायट्रेट फिल्मचाही आहे, म्हणजे तेव्हाचे चित्रपट ज्या फिल्मवर असत तिचा. ती सहज पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. जुलै १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे एका गोदामाला आग लागली आणि फॉक्स कंपनीच्या बहुसंख्य मूकपटांच्या प्रती एका रात्रीत गेल्या. पण सगळे खापर आगीवर फोडता येणार नाही. पुष्कळ चित्रपट मालकांनी जाणूनबुजून नष्ट केले, कारण हिशेबाच्या वहीत त्यांची किंमत शून्य लागत होती. ती वही लिहिणारे लोक मूर्ख नव्हते. ते फक्त त्या वर्षाचा हिशेब पाहत होते, आणि कलाकृतीची किंमत त्या वर्षाच्या हिशेबात कधीच बसत नाही. आज तुमच्या कार्यालयांत तसाच हिशेब होतो आहे, म्हणून हे सांगावेसे वाटते.

जे सापडले, ते कसे सापडले, हे तर याहून बोलके आहे. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला पहिल्यांदा दाखवला गेला आणि काही महिन्यांतच व्यवसायाच्या सोयीसाठी त्याची काटछाट झाली. पाव भागाच्या आसपास गेलाच. पुढच्या पिढ्यांनी तो अर्धवटच पाहिला, आणि तो दुवे तुटलेला वाटतो याचा ठपकाही लांगवर आला. पूर्ण लांबीची एक प्रत मात्र अर्जेंटिनातल्या एका वितरकाने १९२८ मध्ये ब्युनोस आयर्सला नेली होती. ती तिथल्या मान्वेल पेन्या रोद्रिगेस या समीक्षकाच्या खाजगी संग्रहात गेली, आणि तिथून हात बदलत शहरातल्या चित्रपट संग्रहालयात येऊन पडली. मूळ नायट्रेट प्रत गेली, पण तिची १६ मिलिमीटरच्या अरुंद फिल्मवर उतरवलेली नक्कल राहिली, ओरखड्यांसकट. डब्यात काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते. फेर्नांदो मार्तिन पेन्या या चित्रपट अभ्यासकाने फिल्म क्लब चालवणाऱ्या एका जुन्या माणसाकडून एक आठवण ऐकली होती: या चित्रपटाचा खेळ फारच लांबला होता, दोन तासांहूनही पुष्कळ जास्त. ऐकणाऱ्याला उपलब्ध आवृत्तीची लांबी माहीत होती. मग हा खेळ इतका वेळ चालला कसा? या एका प्रश्नाचा त्याने वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला. पाउला फेलिक्स-दिदिए संग्रहालयाची प्रमुख झाली, तेव्हा २००८ मध्ये दोघांनी मिळून ते डबे उघडले. फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिनमध्ये तो चित्रपट जवळपास पूर्ण स्वरूपात पुन्हा पडद्यावर आला.

ही साखळी पुन्हा वाचा. प्रत जपणारा समीक्षक, खेळ करणारा फिल्म क्लब, गप्पांत ऐकलेली एक आठवण, आणि चित्रपटाची लांबी पाठ असणारा एक माणूस. यात कुठेही मालक नाही.

असाच दुसरा चित्रपट, कार्ल ड्रायरचा जोन ऑफ आर्कवरचा १९२८ सालचा. त्याची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती. १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात त्याची मूळ डॅनिश आवृत्तीची प्रत मिळाली. १९७८ मध्ये कॅनडातल्या डॉसन सिटीत बांधकामासाठी जमीन खणताना पाचशेहून अधिक नायट्रेट रिळे वर आली. ती पूर्वी एका जुन्या पोहण्याच्या तलावात भर घालायला गाडली होती, आणि तिथल्या गोठलेल्या जमिनीने ती सांभाळली. परत पाठवण्याचा खर्च वितरकांना परवडत नव्हता, म्हणून ती त्या टोकाच्या गावात साचली होती.

मुर्नाऊच्या ‘नोस्फेरातू’ची गोष्टही तुमच्या वकिलांनी ऐकावी अशी आहे. हा चित्रपट १९२२ चा. मूळ कादंबरीचे हक्क न घेता केला होता, आणि लेखकाच्या विधवेने दावा लावल्यावर जर्मन न्यायालयाने १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. कायद्याने तिचे म्हणणे रास्त होते. पण काही प्रती परदेशी गेल्या होत्या, त्या कोणीतरी ठेवल्या, दाखवल्या, आणि आज भयपटांचा इतिहास त्या चित्रपटाशिवाय लिहिता येत नाही. चोरीची बाजू मी घेत नाही. पैसे देऊन पाहण्याची आमची तयारी आहे, आम्ही देतोही. पण जो चित्रपट कायद्याने कुठेच पाहता येत नाही, तो नष्ट झालेल्या चित्रपटाच्या अगदी शेजारी उभा असतो, आणि तो तिथे आणून ठेवण्याचा अधिकार फक्त तुमच्याकडे आहे.

आता आजच्याबद्दल. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘फिल्मस्ट्रक’ ही जुन्या आणि जागतिक चित्रपटांची सेवा बंद केली गेली. तिचे प्रेक्षक थोडे होते, पण ते जिवाभावाचे होते. प्रेक्षकांनी अर्ज केले, मोठ्या दिग्दर्शकांनी पत्र लिहिले, आणि एप्रिल २०१९ मध्ये तशाच चित्रपटांसाठी ‘क्रायटेरियन चॅनल’ सुरू झाला. हे ऐकून घेतल्याबद्दल ज्यांनी ऐकले त्यांचे मनापासून आभार. पण त्यानंतर वेगळेच सुरू झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये एका मोठ्या स्टुडिओने जवळजवळ पूर्ण झालेला चित्रपट कराच्या सवलतीसाठी कायमचा गुंडाळून ठेवला. २०२३ मध्ये स्ट्रीमिंगवरच्या अनेक कलाकृती त्यांच्याच मालकांनी खर्च कमी करण्यासाठी काढून टाकल्या. त्यांतल्या बऱ्याच फक्त तिथेच होत्या. त्यांची डिस्क निघाली नव्हती, त्या कधी पडद्यावर आल्या नव्हत्या. ज्यांनी त्यावर वर्षे घालवली त्यांना स्वतःचे काम दाखवायला जागा उरली नाही. चांदीसाठी रीळ वितळवणारा आणि करासाठी फाइल बंद करणारा, या दोघांच्या हिशेबात मला फारसा फरक दिसत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर, एका दिग्दर्शकाचे सगळे काम क्रमाने पाहायला घेतले होते, आणि निम्म्यावर असताना एका सकाळी बाकीचे चित्रपट यादीतून गेलेले होते. कुठे गेले, परत येणार का, दुसरीकडे मिळतील का, याबद्दल एक अक्षरही नव्हते. करार संपतात, हे आम्हाला समजते. पण करार कधी संपणार हे तुम्हाला सही करतानाच माहीत असते. ती तारीख चित्रपटाच्या पानावर पहिल्या दिवसापासून लिहा. ‘विकत घ्या’ असे बटण ठेवत असाल तर विकलेली वस्तू परत घेऊ नका. घेणार असाल, तर बटणावर ‘भाड्याने घ्या’ असे लिहा.

डिजिटल झाले म्हणजे चित्रपट अमर झाला, असे मानून चालू नका. हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. अमेरिकेतल्या मोशन पिक्चर अकॅडमीने २००७ मध्येच हिशेब मांडला होता की एका चित्रपटाची डिजिटल मूळ प्रत सांभाळण्याचा वार्षिक खर्च फिल्मची मूळ प्रत थंड खोलीत ठेवण्याच्या अकरापटींहून जास्त येतो. यंत्रे आणि दर बदलले असतील, पण मूळ अडचण तीच आहे. नीट ठेवलेले रीळ थंड, कोरड्या खोलीत शंभर वर्षे निवांत पडून राहते. हार्ड डिस्क पडून राहिली तर एक दिवस सुरूच होत नाही. टेप आणि फॉर्मॅट ठरावीक वर्षांनी जुने होतात, आणि दर वेळी कोणीतरी सगळे नव्याने उतरवून घ्यावे लागते. त्या ‘कोणीतरी’ला तुम्ही खर्चकपातीत घरी पाठवलेत, तर आग न लागताच गोदाम जळाले असे समजा. म्हणून फक्त स्ट्रीमिंगसाठी बनणाऱ्या प्रत्येक चित्रपटाची एक पूर्ण, कुलूप नसलेली प्रत सार्वजनिक अर्काइव्हमध्ये जमा करा. आंतरराष्ट्रीय अर्काइव्ह संघ १९३८ पासून आहे, त्याचे सभासद जगभर पसरले आहेत, आणि हक्कांचे नियम पाळत सांभाळ कसा करायचा याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. प्रत तिथे असली म्हणून तुमचे हक्क कमी होत नाहीत.

दाखवण्याच्या पद्धतीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण आमचा जीव सगळ्यात जास्त इथे जळतो.

चित्रपटाची चौकट दिग्दर्शक आणि छायालेखक ठरवतात. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातली उंचीच्या १.३७ पट रुंद, जवळजवळ चौकोनी चौकट असो, की १९५३ मध्ये आलेली सिनेमास्कोपची रुंद चौकट असो, माणूस कडेपासून किती अंतरावर उभा आहे यात अर्थ भरलेला असतो. टीव्हीच्या काळात रुंद चित्रपट दोन्ही बाजूंनी कापले गेले. बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण पडद्याबाहेरच राही. त्याविरुद्ध सिनेमावेडे लेझरडिस्कच्या, म्हणजे डीव्हीडीआधीच्या तबकड्यांच्या, दिवसांपासून भांडले आणि वरखाली काळ्या पट्ट्या असलेला पूर्ण चित्रपट त्यांनी मिळवला. आता उलटा प्रकार चालू आहे. जुने चौकोनी चित्रपट आजचा रुंद पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापले जातात, माणसांचे कपाळ जाते, जमीन जाते. काळ्या पट्ट्यांमुळे प्रेक्षक तक्रार करतात, असे तुम्ही म्हणाल. त्यांना एका ओळीत सांगा की चित्रपट असाच काढलेला आहे. लोक समजून घेतात.

मूकपटांच्या वेगाचेही तसेच. ते बहुधा हाताने कॅमेरा फिरवून चित्रित झाले, सेकंदाला साधारण १६ पासून २४ चौकटींपर्यंत, आणि एकाच चित्रपटातही वेग कमीजास्त होई. ते सरसकट २४ने चालवले की माणसे तुरुतुरु पळू लागतात. मूकपट म्हणजे धांदल आणि हशा, असा समज त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या पसरला. ज्या नटीच्या चेहऱ्यावरचा बदल पाहून तेव्हाचे लोक रडले, तिला आपण घाईघाईने पळवत नेले. मला हा फार मोठा अन्याय वाटतो. इटलीतल्या पोर्देनोने इथे १९८२ पासून दरवर्षी मूकपटांचा महोत्सव भरतो. तिथे योग्य वेगात आणि समोर वाजणाऱ्या संगीतासह हे चित्रपट लागतात. हीच काळजी तुमच्या यादीतल्या मूकपटांनाही मिळायला हवी.

घरच्या टीव्हीवरचे चित्र गुळगुळीत करण्याचे तंत्र हा आणखी एक छळ. सेकंदाच्या २४ चौकटींच्या मध्ये यंत्र आपल्या मनाच्या चौकटी घालते आणि सगळा चित्रपट स्टुडिओतल्या मालिकेसारखा दिसू लागतो. दिग्दर्शकांनी यावर जाहीरपणे आवाज उठवला, आणि २०१९ मध्ये टीव्ही बनवणाऱ्यांनी व स्टुडिओंनी मिळून हे गुळगुळीत करणे बंद ठेवणारा ‘फिल्ममेकर मोड’ आणला. म्हणजे मनात आणले की जमते. फक्त ती सोय मेनूच्या खोल तळाशी पुरून ठेवू नका.

आणि श्रेयनामावली. शेवटचे दृश्य संपते, संगीत चढत जाते, मनात काहीतरी नुकते बसू लागलेले असते आणि तेवढ्यात चित्र आक्रसून एका कोपऱ्यात जाते. पुढच्या चित्रपटाची जाहिरात सुरू होते आणि उलटी मोजणी चालू होते. माझी मनापासून विनवणी आहे, हे थांबवा. त्या चार-पाच मिनिटांत शेकडो माणसांची नावे असतात. सेट बांधणारे, वेशभूषेला टाके घालणारे, रात्रभर प्रकाश धरून उभे राहणारे. त्यांच्या कामाची दखल जगासमोर त्या एकाच ठिकाणी घेतली जाते. शिवाय संगीतकाराने शेवटचा तुकडा तिथेच बसवलेला असतो आणि प्रेक्षकाला उठून उभे राहण्याआधी त्या वेळाची गरज असते. काही सेवांमध्ये हे बंद करण्याची सोय आहे, तीही शोधावी लागते. आपणहून पूर्ण श्रेयनामावली दाखवा, आणि ज्याला पुढे जायचे आहे त्याला बटण द्या.

या नावांत एक नाव बहुतेक वेळा नसतेच, भाषांतरकाराचे. आम्ही निम्मे आयुष्य सबटायटल्स वाचत काढतो. ज्या भाषेचा आम्हाला गंधही नाही, त्या भाषेतली माणसे आम्हाला जवळची वाटतात ती या अनोळखी भाषांतरकारामुळे. एका वेळी दोन ओळी, त्याही डोळा वाचून परत चित्राकडे वळेल इतक्याच. त्यात विनोद, शिवी, प्रेम, बोलीतला फरक, सगळे बसवायचे. हे अवघड काम घाईने आणि कमी पैशांत करून घेतले की काय होते, ते आम्ही रोज पाहतो. गाण्याचे शब्द सोडून दिलेले, पात्राचे वय आणि नाते गोंधळलेले, उपरोध सरळ वाक्य होऊन बसलेला. चांगल्या भाषांतरकाराला वेळ द्या आणि त्याचे नाव पडद्यावर लिहा.

१९९६ मध्ये अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅगने एका गाजलेल्या लेखात सिनेमावेडाचा अंत जवळ आल्याचे दुःख मांडले होते. तिचे दुःख खरे होते. तिने अनुभवलेली ती चित्रपटगृहे, ते अंधारातले एकत्र बसणे, खूपसे गेलेच. पण वेड गेले नाही, हे तिच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते. २०११ मध्ये न्यूझीलंडमधल्या दोघांनी पाहिलेल्या चित्रपटांची नोंद ठेवण्याचे ‘लेटरबॉक्स्ड’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि वहीत लिहिणारी आमची सवय लाखो तरुणांनी उचलली. विशीतली मुले आज साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दिग्दर्शकांवर हातघाईवर येऊन भांडतात. इटलीतल्या बोलोन्या शहरात १९८६ पासून पुनरुज्जीवित चित्रपटांचा महोत्सव भरतो. तिथे रात्री शहराच्या मुख्य चौकात हजारो लोक जुना चित्रपट पाहायला बसतात. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या फिल्म फाउंडेशनने कितीतरी चित्रपट पुन्हा उभे केले, आणि २००७ पासून ज्या देशांकडे साधने नाहीत तिथले चित्रपटही त्यांनी हाती घेतले. प्रेक्षक तयार आहे. तो संख्येने तुमच्या सर्वात मोठ्या चित्रपटाइतका कधीच नसेल. पण मोठ्या चित्रपटाचा प्रेक्षक महिन्याभरात पांगतो, आणि आमचा प्रेक्षक पन्नास वर्षांनीही परत येतो, सोबत आणखी कोणालातरी घेऊन.

शेवटी लहान फिल्म सोसायट्यांबद्दल. लंडनमध्ये १९२५ मध्ये फिल्म सोसायटी सुरू झाली, कारण व्यवसायाला न पटणारे चित्रपट दाखवायला कोणी तयार नव्हते. १९४७ मध्ये सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्त्यात तेच केले, आणि काही वर्षांत त्यातून एक दिग्दर्शक जगाला मिळाला. आजही अशी मंडळे चालतात, उसन्या सभागृहात, वर्गणीवर. त्यांना एक जुना चित्रपट एका संध्याकाळी पन्नास माणसांना दाखवायचा असतो आणि ते परवानगी मागायला तुम्हाला पत्र लिहितात. बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही. हक्क कोणाकडे आहेत हेच तुमच्या कार्यालयात कोणाला माहीत नसते, कारण कंपनी विकली गेली, मग तिची विकत घेणारी कंपनीही विकली गेली. अशा वेळी मंडळ दुसरा चित्रपट लावते आणि तो चित्रपट आणखी एका पिढीच्या नजरेआड जातो.

यासाठी मोठा खर्च लागणार नाही. प्रत्येक कंपनीने आपल्याकडे कोणत्या चित्रपटांचे हक्क आहेत आणि कोणाची कोणती प्रत किंवा निगेटिव्ह शिल्लक आहे, याची यादी जाहीर करावी. छोट्या, बिगरव्यावसायिक खेळांसाठी एक ठरलेला माफक दर ठेवावा. परवानगीच्या पत्रांना उत्तर देणारा एक माणूस नेमावा. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, पण ते यावे, ठरलेल्या मुदतीत. आणि यादीत ‘प्रत उपलब्ध नाही’ असे लिहावे लागले, तर तेही उघडपणे लिहा. कुठल्या कपाटात, कुणाच्या माळ्यावर तो डबा पडलेला असू शकतो, हे शोधण्याचे काम आम्ही करू.

आपली,
एक सिनेमावेडी प्रेक्षक